नाहूर राहिलं

'किती करतेस गं तू भावाचं!' हे वाक्य मला अधूनमधून भेटतं. म्हणणारी बाई मान किंचित कलती करते, आवाज निम्म्यावर आणते आणि माझ्या दंडावर हात ठेवते. मग 'पूर्वजन्मीचं पुण्य', 'देवाने तुलाच निवडलं' आणि 'आमच्याच्याने नसतं झालं बाई' असे तीन हार एकापाठोपाठ एक गळ्यात पडतात. नेमका त्याच वेळी माझा धाकटा भाऊ आतल्या खोलीत, मी लपवून ठेवलेली बाकरवडी शोधून संपवत असतो. मला ते पिशवीच्या आवाजावरून कळतं. कडाडून भांडायची वेळ असते, पण हार गळ्यात असताना उठता येत नाही. पुण्यवान माणसं बाकरवडीवरून भांडत नाहीत, असा एक सर्वसाधारण समज आहे.

माझी तक्रार एवढीच आहे. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, ऑटिस्टिक, आता तिशी ओलांडलेला; आणि त्याला वाढवण्यात आईबाबांच्या खालोखाल माझा हात आहे, हेही खरं. पण या सगळ्यात लोकांनी माझा एक पिढीजात हक्क काढून घेतला. धाकट्याला 'गाढवा' म्हणायचा हक्क! खालच्या मजल्यावरची ताई आपल्या भावाच्या पाठीत धपाटा घालते, तेव्हा ती नुसती ताई असते. मी आवाज जरा चढवला की जिन्यात कुजबुज होते, 'दमली असेल बिचारी.' म्हणजे माझा रागही माझा नाही, तो दमणुकीच्या खात्यावर जमा.

धाकट्याचं बालपण १९९०च्या दशकातल्या डोंबिवलीतलं. तेव्हा ऑटिझम हा शब्द आमच्या ओळखीत कुणाच्या तोंडी नव्हता. हा दोन वर्षांचा झाला, अडीचचा झाला, तरी बोलेना. 'मुलगे उशिराच बोलतात' हे पहिलं निदान आजीचं. मग वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावून झालं, रात्रभर शंखात ठेवलेलं पाणी पाजून झालं, गाणगापूरही झालं. शंखातलं उरलेलं पाणी मी पीत असे. उपाय गुणकारी असावा, फक्त चुकीच्या भावंडाला लागू पडला. मी तेव्हापासून बोलायची थांबलेली नाही. पुढे ऐकू येत नसेल अशी शंका निघाली. हाक मारली तर याची मान वळत नसे, पण स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्याचं झाकण निघालं की हा आईच्या पायाशी हजर. तपासणीत कान उत्तम निघाले. ऐकू सगळं येत होतं. आमच्या बोलण्यात ऐकण्यासारखं त्याला काही सापडत नव्हतं, इतकंच.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४३ साली ११ मुलांची टिपणं छापली, तिथून या निदानाचा इतिहास धरतात. मी ती खूप उशिरा वाचली. त्यातला पहिलाच मुलगा वस्तू गरागरा फिरवत बसायचा, राष्ट्राध्यक्षांची नावं घडाघडा सांगायचा आणि कुणी त्याच्या कामात लुडबुड केली की संतापायचा. अध्यक्षांच्या जागी मध्य रेल्वे घातली की आमचाच! पण त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत तिकडच्या शहाण्यांनी जे केलं, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आई थंड, आई प्रेम करत नाही, म्हणून मूल असं होतं, असा सिद्धांत. फ्रिजसारख्या आया म्हणे! बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली हे खोडून काढलं. तरी १९६७ साली शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइमनी त्याच मताचं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. बापाचं कोण ऐकतो?

आमच्या घरी हे सिद्धांताचं काम आत्याने विनामूल्य केलं. 'वहिनी नोकरी करतात ना, मूल अबोल होणारच.' आमच्याकडे तेव्हा फ्रिजसुद्धा नव्हता, फ्रिजसारखी आई कुठून आणायची? बँकेतून सुटून, संध्याकाळच्या गर्दीत लटकत डोंबिवलीला उतरलेली आमची आई घरात शिरायची तेव्हा वाफाळलेली असायची.

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात. दोघंही अंधार पडल्यावर घरी. त्यामुळे माझी शाळा सुटल्यापासून धाकट्याचा ताबा माझ्याकडे असे. नेमणुकीचा कागद नाही, पगार नाही, बदली तर नाहीच नाही. आजी होती, पण तिचं लक्ष नातवापेक्षा जपमाळेवर, आणि नातवाचं लक्ष जपमाळेतले मणी सुटे करण्यावर.

या नोकरीत मी जे शिकले ते कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. उदाहरणार्थ, शर्टाच्या कॉलरमागची ती इवलीशी पट्टी. तुम्हाआम्हाला ती असते हेही आठवत नाही. त्याला ती दिवसभर टोचते आणि दिवसभर टोचणाऱ्या गोष्टीचं माणूस काय करणार, ओरडणार. हे कळायला घराला बराच काळ लागला. कळल्यावर आईने कात्री घेतली आणि कपाटातल्या एकूण एक कपड्यांच्या पट्ट्या कापल्या, कारण धुण्याच्या ढिगात कुणाचा कोणता हे तिला बघत बसायचं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात कुणालाच आपला साइज ठाऊक नाही. दुकानदाराने विचारलं की बाबा छाती पुढे काढून म्हणत, 'बघा तुम्हीच.'

कुकरच्या शिटीचं तसंच. शिटी झाली की हा कानावर हात दाबून पलंगाखाली. आई डाळ उघड्या पातेल्यात शिजवायला लागली आणि आत्याला आणखी एक मुद्दा मिळाला: गॅसची उधळपट्टी. शेजारच्या बिऱ्हाडांच्या शिट्या मात्र कुणाच्या हातात? त्यातल्या एका काकूंनी आपण होऊन कुकर मागच्या बाजूच्या ओट्यावर हलवला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या दंडावर हात ठेवणाऱ्या बायकांत या काकू कधीच नव्हत्या. त्या 'काय गं, आज का उशीर?' एवढंच विचारायच्या. १९९९ साली गुढीपाडव्याला डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे ती कुठे कुठे पसरली आणि गावाची मान उंच झाली. आमच्यासाठी पाडवा म्हणजे ढोल-ताशांच्या आधी, भल्या पहाटे गुढी उभारून खिडक्या बंद करून बसायचा दिवस.

उलट त्याला जड वजन फार आवडे. टेंपल ग्रँडिन या प्राध्यापक बाई स्वतः ऑटिस्टिक. किशोरवयात मावशीच्या रँचवर गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा त्यांनी पाहिला. त्या दाबाने गुरं शांत होतात हे बघून त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. आमच्या दोन खोल्यांत यंत्राला जागा कुठली! आमच्याकडे आजीच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी होती आणि तिच्यावर घालायला कापसाची गादी होती. धाकटा बिनसला की या दोहोंखाली शिरायचा आणि बाबा त्या ढिगाच्या कडेला बेताने टेकून पेपर वाचायचे. डोकं बाहेर, चेहरा तृप्त. बाबांना वाटे, आपल्यामुळे पोर शांत झालं. अग्रलेख वाचून होईपर्यंत उठायचं नाही, असा दोघांत अलिखित करार होता.

त्याच्या तोंडून पहिलं पूर्ण वाक्य आलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. 'ही लोकल मुंब्रा, कळवा स्थानकांवर थांबणार नाही.' उच्चार स्वच्छ, सूर फलाटावरच्या निवेदिकेचा. आई आनंदाने रडली. मी रडले नाही. त्याने 'ताई' म्हणावं म्हणून मी कितीतरी संध्याकाळी त्याच्यासमोर तोंड वेंगाडून बसले होते, आणि याने आधी कळवा म्हटलं! 'ताई' पुढे यथावकाश आलं, मुंब्रा आणि कळव्याच्या पाठोपाठ. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला डॉक्टर इकोलालिया म्हणतात. एके काळी ती निरर्थक पोपटपंची समजली जाई. आता जाणकार सांगतात की त्यात बहुतेकदा काहीतरी सांगायचं असतं. आम्हाला ते आंघोळीच्या वेळी कळलं. मी टॉवेल घेऊन उभी, आणि हा माझ्या हाताखालून निसटत म्हणतोय, 'ही लोकल थांबणार नाही!' त्याहून नेमका नकार मी आजवर ऐकलेला नाही.

मग आम्ही रेल्वेलाच कामाला लावलं. बिनसण्याचे त्याचे प्रसंग मोठे असत. ठरलेली गोष्ट बदलली, अचानक दिवे गेले, फोडणीचा धूर झाला, कारण काहीही. तो स्वतःच्याच कपाळावर मुठी मारायचा, मनगट चावायचा. अडवायला गेलं तर माझं मनगट. समजावणं, रागावणं, गोंजारणं यांतलं काहीच त्या वेळी आत पोचत नाही. पोचायची ती फक्त स्टेशनं. मी त्याच्यापासून हातभर लांब बसून सपाट आवाजात सुरू करायचे: कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, भांडुप, कांजुरमार्ग... घाटकोपरला मूठ सैल व्हायची, कुर्ल्याला श्वास जागेवर यायचा, दादरला हा उठून पाणी मागायचा. आवाजात माया घालायची नाही, हे महत्त्वाचं. निवेदिका कधी कुणावर माया करते का?

आणि २००६ साली मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये नाहूर आलं.

नाहूरकरांची सोय झाली, चांगलंच झालं. आमच्या घरात मात्र आणीबाणी. मी जुनी यादी म्हटली तर हा भांडुपला अडायचा, कारण पेपरात नाहूर आहे हे त्याने वाचलं होतं. नवी म्हटली तर मुलुंडनंतर किंचाळायचा, कारण नाहूर तिथे कधीच नव्हतं. औषधाची बाटली हातात आहे आणि बूच उघडत नाही, अशी गत. शेवटी बाबांनी रविवारी त्याला धीम्या लोकलने नाहूरला नेलं. दोघं उतरले. धाकट्याने पिवळ्या पाटीवरची अक्षरं तिन्ही भाषांत वाचली, खांबाला हात लावला, एक गाडी जाऊ दिली आणि मग परत आले. विषय मिटला. मिटला म्हणजे असा, की तेव्हापासून माझ्याकडून नाहूर सुटलं तर तो कपाळावरची मूठ तशीच धरून, हुंदका मध्येच थांबवून म्हणतो, 'नाहूर राहिलं.' आणि मला पुन्हा कोपरपासून निघावं लागतं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

ज्ञानेश्वर रुसून झोपडीची ताटी लावून बसले तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली, ही कथा आपल्याला पाठ असते. ताटीचे अभंग ४२ आहेत म्हणतात. आमच्याकडे वयं उलटी: धाकटा बाथरूमची कडी लावून आत, थोरली बाहेर, आणि अभंगांच्या जागी मध्य रेल्वे. मुक्ताई संत होती, तिला विश्वाच्या गोष्टी शोभतात. मी दादरपर्यंत जाऊन उपयोग झाला नाही तर सरळ म्हणते, 'दार उघड, नाहीतर तुझ्या वाटची जिलबी मी खाते.' कडी निघते. बाहेर येऊन तो आधी जिलब्या मोजतो, मग माझ्याकडे संशयाने बघतो. ते बघणं मला फार आवडतं. तेवढ्यापुरती मी कुणाची तारणहार नसते, जिलबी चोरू शकणारी बहीण असते.

त्याच्याबरोबर खऱ्या लोकलने जाणं ही निराळी विद्या आहे. बायकांच्या डब्यात मुलगा बारा वर्षांपर्यंतच चालतो. त्यानंतर बहिणीने भावाला घेऊन कुठल्या डब्यात चढायचं? साध्या डब्यात धक्के, आणि धक्का लागला की हा ओरडणार, हा ओरडला की कुणीतरी सल्ला देणार, 'दोन ठेवून द्या, सरळ होतो की नाही बघा.' म्हणून अपंगांचा डबा. तिथे अपंग, कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायका यांना जागा असते. त्यामुळे डब्यात शिरणाऱ्याला नीट न्याहाळून घेण्याची पद्धत आहे. आम्ही दोघं धडधाकट. कुबडीवाले एक काका विचारायचे, 'तुम्हाला काय झालंय?' मी सर्टिफिकेट काढेपर्यंत धाकटा उत्तर देई, 'मला काही नाही झालं. हिला सर्दी झालीय.' एकदा उतरायला निघालो, तर त्या काकांनीच दारातल्या चौघांना कुबडीने बाजूला केलं आणि ओरडले, 'आपलं पोरगं आहे, वाट द्या!'

एकदा तो एकटाच गेला. संध्याकाळी घरातून नाहीसा झाला आणि आम्ही चौघं चार दिशांना. ते तास मी इथे लिहीत नाही. रात्री कर्जतहून रेल्वे पोलिसांचा फोन आला. पट्टी टोचते म्हणून आईने फोन नंबर कपड्यांवर आतून, खिशाच्या अस्तरावर शाईने लिहून ठेवला होता, तो त्यांना सापडला. बाबा आणि मी गेलो, तेव्हा हा एका हवालदारांच्या शेजारी बाकावर बसून वडापाव खात होता. बाबांनी त्याला मिठीत घेतलं. ती त्याला आवडत नाही, तरी त्याने चालवून घेतली. मग म्हणाला, 'गाडी नेरळला सात मिनिटं लेट होती.' हवालदार म्हणाले, 'साहेब, मघापासून माझी उजळणी घेतोय.'

आता टक्केवारीकडे वळू. सर्टिफिकेट मिळवायचं तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि अपंगत्व टक्क्यांत मोजतात. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात होता. म्हणजे एका कायद्याच्या दारात माझा भाऊ होता आणि दुसऱ्याच्या दारात नव्हता. त्यामुळे पहिल्या सर्टिफिकेटवर लिहून आलं, मतिमंदत्व, ७५ टक्के. तपासणीच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता आणि धाकट्याने सगळा वेळ पंख्याकडे बघण्यात घालवला. पंखा बंद असता तर निकाल काय लागला असता कोण जाणे. नेमका जून महिना, दहावीच्या निकालांचे दिवस. जिन्यात भेटलेल्या एका आजोबांनी आईच्या हातातला कागद बघून विचारलं, 'किती मिळाले?' आई गडबडली आणि म्हणाली, 'पंचाहत्तर.' 'वा, डिस्टिंक्शन!' म्हणून त्यांनी धाकट्याचा हात हातात घेतला आणि वर जाऊन पेढा आणून दिला. मला दहावीला ६८ होते, पेढा नव्हता. पुढे २०१६च्या नव्या कायद्यात २१ प्रकार आले आणि ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. नव्या तपासणीत धाकट्याला ७० पडले. पाच टक्के कमी. मी त्याला जे चिडवायचं ते चिडवून घेतलं.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र मला त्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे पाहुण्याने 'नको नको' म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं, अशी रीत. धाकट्याला 'नको' म्हटलं की तो भरलेली बशी उचलून आत नेतो आणि स्वतः खातो. आत्या एकदा अशा रीतीने चार श्रीखंडवड्यांना मुकली. तेव्हापासून आमच्याकडे आली की दारातच सांगते, 'मला हवंय हं.' गणपतीत आरत्यांचा क्रमही तोच राखतो. आधी गणपती, मग शंकर, मग देवी, मग विठ्ठल. भूक लागलेल्या मंडळींनी विठ्ठलाला गाळून थेट मंत्रपुष्पांजलीवर उडी मारायचा प्रयत्न केला की हा टाळ वाजवणं थांबवतो. सगळ्या वाडीत शब्द अचूक म्हणणाराही तो एकटाच. बाकीच्यांचं लहानपणापासून जे चुकलंय, ते चुकलंयच.

बाबा गेले तेव्हा तेराव्याला घर भरलं होतं. कोपऱ्यात दोघीतिघींचं चाललं होतं, 'याला कळलंय का गं?' त्याने ऐकलं असावं. मधोमध येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'बाबा गेले. परत येणार नाहीत. तुम्ही कधी जाणार?' काही जण दुखावले. आई तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली, पदराआड. गादीवर टेकून पेपर वाचायचं काम आता माझ्याकडे आलंय. अग्रलेख मोबाइलवर वाचलेला त्याला चालत नाही, कागदाचा आवाज यावा लागतो.

मध्ये माझं लग्नही झालं. तेव्हाचा मोठा पेच हा, की 'भाऊ असा आहे' हे पोह्यांच्या आधी सांगायचं की नंतर. आईचं मत आधी, आत्याचं मत लग्नानंतर. प्रत्यक्षात ते धाकट्याने स्वतःच सांगून टाकायचं ठरवलेलं असे. स्थळाने बूट काढायच्या आत प्रश्न, 'तुमचं स्टेशन कोणतं?' एकाने ऐटीत सांगितलं, 'मी गाडीने फिरतो.' त्याच्याशी धाकटा पुढे एक शब्द बोलला नाही. दुसऱ्याने त्याच्याकडे न बघता बाबांना हळूच विचारलं, 'हे आनुवंशिक असतं का?' प्रश्न रास्त आहे, आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा असतो. पण ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो समोर बसला असताना आवाज उतरवणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय! तिसरा म्हणाला, 'आसनगाव.' धाकटा सावरून बसला. 'त्याच्या पुढचं?' 'आटगाव.' पुढचं मला फारसं विचारण्यात आलं नाही. आता नवरा डोंबिवलीतच, दोन इमारती पलीकडे, माझ्याबरोबर राहतो आणि धाकट्याच्या बाजूने माझ्याशी वाद घालतो.

धाकटा दिवसा एका कार्यशाळेत जातो. तिथे लिफाफे, फायली आणि दिवाळीच्या आधी पणत्या. रंगवण्यात त्याला रस नाही. एक डझनात बाराच आहेत ना, हे तो बघतो. विशेष मुलांची शाळा अठराला संपते आणि मग पुढे काय, हा प्रश्न त्या वयाच्या प्रत्येक घरात सारखाच येऊन बसतो. शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली एका पारशी जोडप्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली. तिथपासून आजपर्यंत अशा कितीतरी शाळा आणि कार्यशाळा कुणा ना कुणा आईबापाने काढलेल्या आहेत. भावंडांनी काय काढलं? कॉलेजातून वेळेवर घरी यायला रजा. अमेरिकेत डॉन मायर नावाच्या गृहस्थांनी अशा भावंडांसाठी जमण्याची एक रीत काढली, सिबशॉप म्हणतात तिला. भाषण नाही, उपदेश नाही. मुलं जमतात, खेळतात, खातात आणि आपापल्या भावाबहिणींबद्दल मोकळेपणी बोलतात, चांगलंही आणि वाईटही. मला ते वाचून वाटलं, दहाव्या वर्षी मला अशी एक खोली मिळती, तर मी फक्त फाडलेल्या वह्यांबद्दल सलग तासभर बोलले असते.

अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने माणूस सज्ञान. धाकट्याला मताचा हक्क मिळाला. केंद्रावर तो एकटा आत गेला, एकटा बाहेर आला. बोटाला शाई लावताना मात्र त्याने केंद्र दणाणून सोडलं. कुणाला दिलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'सांगायचं नाही. तिथे लिहिलंय.' आमच्या घरात मत गुप्त ठेवणारा तो एकमेव मतदार आहे. पण सज्ञान झाला म्हणजे आईबापांचं पालकपणही कायद्याने आपोआप चालू राहत नाही. बँकेचं खातं, घराचा हिस्सा, प्रत्येक सहीशी गाडी अडते. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते, ती पालक नेमून देते. आम्ही ते बरीच वर्षं टाळलं. बाबा गेल्यावर आईने गुडघ्यांना तेल चोळत एकदा शांतपणे सांगितलं, 'माझ्यानंतरचा कागद आत्ताच कर.' त्याला बहिणीचा त्याग वगैरे म्हणायचा आत्याचा बेत होता. आईने तिला चहा टाकायला पाठवलं.

ठाण्याला जायचं होतं. जलद गाडी डोंबिवलीहून थेट ठाणे घेते, पण मधली चार स्टेशनं गाळणारी गाडी धाकट्याला पटत नाही, म्हणून धीमी. समितीसमोर आम्ही तिघं बसलो. त्यांनी कागद बघितले, आईला विचारलं, मला विचारलं. मग त्यातल्या एका मॅडमनी, आवाज न बदलता, मान कलती न करता, थेट त्यालाच विचारलं, 'ताईबरोबर राहायला आवडतं का?'

तो छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा आवाज करत नव्हता, त्यामुळे विचार करायला त्याला सवड मिळाली. 'कधी कधी,' तो म्हणाला.

आई घाबरली. मॅडमनी मात्र मान डोलावून ते लिहून घेतलं. त्यांनी मला काही तो प्रश्न विचारला नाही.

परतीच्या गाडीत आमची खिडकीवरून जुंपली. येताना तो खिडकीत बसला होता, आता पाळी माझी, हे सरळ गणित आहे. तो म्हणाला, येतानाची पाळी वेगळी आणि जातानाची वेगळी. मी म्हटलं, 'गाढवा, मी आता तुझी कायदेशीर पालक होणार आहे.' तो म्हणाला, 'कागद अजून आला नाही.' आवाज चढला तसे डब्यातले लोक वळून बघायला लागले. समोरच्या बाई त्याला म्हणाल्या, 'बस रे बाळा, बस तू,' आणि माझ्याकडे बघून, 'एवढी मोठी झालीस, धाकट्याला खिडकी देववत नाही तुला?'

धाकटा खिडकीत बसला आणि कळव्यापासून मोठ्याने स्टेशनं सांगू लागला.